मामीचे माजघर नि आमचा कॅमेरा

कॅमेरा बदलावा की बदलू नये, हे घोंगडे आमच्या घरात गेली चार वर्षे भिजत पडले होते. आमचा कॅमेरा जपानी, हाताच्या पंजात मावणारा, २००८ सालच्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून घेतलेला. सात मेगापिक्सेल, चारपट झूम, आणि पोटात दोन पेन्सिल सेल. हे सेल कोणत्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात, म्हणून मला त्याचा फार अभिमान. हंपी, गणपतीपुळे, चिरंजीवांची मुंज, धाकटीचे स्नेहसंमेलन, सगळे त्याने पाहिले आहे. त्याच्या कडांचा मुलामा उडाला आहे, झाकणाची खिटी सैल झाली आहे. पण बटण दाबले की तो अजून भिंग पुढे काढून डोळे उघडतो.

घरात पक्ष दोन. चिरंजीवांचे म्हणणे, "बाबा, आता फोन आहे, कॅमेरा हवाच कशाला?" सौभाग्यवतींचे म्हणणे, "घ्यायचा तर चांगला नवा घ्या, नाही तर विषय बंद करा." मी तिसरा. मी प्रत्येक दिवाळीला नव्या कॅमेऱ्यांची माहितीपत्रके जमवतो, आकडे जुळवतो, आणि किंमत पाहून जुन्याचे सेल बदलतो.

ह्या भाद्रपदात कोल्हापूरहून आप्पाचा फोन आला आणि सगळेच बदलले. आप्पा म्हणजे माझा थोरला मामेभाऊ. मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीपासून थोडे आत, एका बोळात मामांचे जुने कौलारू घर आहे. "कागदावर सह्या झाल्या बघ," आप्पा म्हणाला. "तुळशीचं लगीन झालं की घर खाली करायचं. गौरीला येऊन जा. फोटू-बिटू काय काढायचं असलं तर आत्ताच काढ."

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरलो. स्टेशनवरून रिक्षा बिंदू चौकाकडून पेठेत शिरली आणि मला नेहमीसारखे वाटले की मी गावात नाही, एका मोठ्या एकत्र कुटुंबात शिरतो आहे. मंगळवार पेठ ही नुसती वस्ती नव्हे. प्रत्येक गल्लीला एक तालीम, प्रत्येक तालमीला एक कट्टा, आणि प्रत्येक कट्ट्यावर गावाचा निकाल लावणारी चार माणसे. तालमीत आता लाल मातीपेक्षा फुटबॉलच्या गोष्टी जास्त. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठापेठांची ईर्ष्या अशी पेटते की पाहुण्याने आपण कुणाच्या घरी उतरलो आहोत हे सांगताना जरा विचारच करावा. पेठेत गाडी चुकली तर पत्ता विचारावा लागत नाही, अंगावर नवखेपणा दिसला की आपणहून कुणीतरी "कुणाकडं आलायसा?" म्हणतो आणि घरापर्यंत आणून सोडतो. चहाही घेतो, हा भाग वेगळा.

घर होते तसेच होते. बाहेर सोपा, सोप्यातून दोन पायऱ्या उतरून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर, आणि मागे परडे. माजघराला खिडकी नाही. आढ्याजवळ कौलांत बसवलेली एक काच, तिच्यातून दुपारी दोन तास उजेडाचा पट्टा जमिनीवर सरकत जातो. बाकी वेळ अंधार. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे ह्याच अंधारात गारव्याला पडून राहत असू. घरात मामी आहे. वय चौऱ्याऐंशी, नजर मंदावलेली, पण दिवेलागणीला देवापुढे समई लावून उंबऱ्याशी वाती वळत बसण्याचा नेम कधी चुकला नाही. अन्य सगळ्या खोल्यांचे फोटो मी पहिल्या सकाळीच काढले. सोपा उत्तम आला, परड्यातली जास्वंद उत्तम आली. मला हवा होता तो एकच फोटो: समईच्या उजेडात वाती वळणारी मामी. कारण ते घर आठवले की मला आठवते ते तेवढेच.

संध्याकाळी कॅमेरा काढला. बटण दाबले, फ्लॅश लखकन उडाला. मामीचा चेहरा पिठासारखा पांढरा, मागे काळी भिंत, आणि समई तर पेटलेलीच वाटेना. फ्लॅश बंद केला. तर सगळे हललेले. "मामी, ट्यूब लावू का?" मी विचारले.

"नगो रं बाळा. ट्यूब लावली की देवाचा दिवा दिसत न्हाई. मी आंधारातच वळतो, हाताला सवय हाय."

(कोल्हापुरात जुन्या बायका "मी वळतो, मी येतो" असेच बोलतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.)

चिरंजीव पुढे सरसावले आणि त्यांनी आपला फोन मामीसमोर धरला. मामीने लगेच वाती खाली ठेवल्या, पदर सारखा केला आणि फोनकडे वाकून मोठ्याने म्हणाली, "हां, बोल! जेवलास का?" तिचा नातू बंगळुरूला असतो, समोर फोन धरला म्हणजे तोच दिसणार, असे तिच्या मनात पक्के बसले आहे. पुन्हा दोनदा प्रयत्न झाला, दोन्ही वेळा तिने बंगळुरूच्या पावसाची चौकशी केली. म्हणजे फोन हा उपाय इथे बाद. सौ. मात्र हसू आवरत म्हणाली, "कॅमेऱ्याचा वाद आज मामींनी निकालात काढला."

पण कुठला कॅमेरा, हा प्रश्न उरलाच. दुसऱ्या दिवशी आप्पा मला तिकटीजवळच्या एका जुन्या स्टुडिओत घेऊन गेला. एके काळी तिथे रंगवलेल्या पडद्यापुढे नवरा-नवरीला बसवून फोटो काढीत. आता पासपोर्टचे फोटो आणि लॅमिनेशन. गल्ल्यावर सत्तरीचे गृहस्थ. मी माझा कॅमेरा त्यांच्यापुढे ठेवला, आणि माझ्या वहीतले नव्या कॅमेऱ्यांचे आकडे वाचून दाखवू लागलो: हा सोळाचा, हा वीसचा...

"पाव्हणं," ते मला थांबवत म्हणाले, "मेगापिक्सेल म्हंजे काय ओ? भाकरी तेवढीच, तुकडं जास्त. तुमचं पोट भरतंय का त्यानं?"

मग त्यांनी पासपोर्ट फोटोच्या पाकिटावर पेन्सिलीने मांडून दाखवले. माझ्या कॅमेऱ्याचे चित्र म्हणजे ३०७२ गुणिले २३०४ ठिपके; इंचाला ३०० ठिपके धरले तरी दहा इंच रुंद फोटो स्वच्छ छापता येतो. भिंतीवर लावायला त्याहून मोठा तुम्ही कधी छापलात? नाही. मग तुकडे वाढवून काय होणार? कमी आहे ती भाकरी. उजेड झेलणारी जी चकती कॅमेऱ्यात असते, म्हणजे सेन्सर, ती माझ्या कॅमेऱ्यात अवघी २५ चौरस मिलिमीटरची, करंगळीच्या नखाहूनही लहान. "एक इंची" म्हणतात ती चकती त्यापेक्षा बरीच मोठी. इंच हे नावालाच. प्रत्यक्षात ती १३.२ बाय ८.८ मिलिमीटरची असते, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. साडेचारपटीहून थोडी जास्तच. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, एवढा फरक. त्यात भिंगाचे तोंड. माझ्या भिंगावर २.६ लिहिले आहे. चांगल्या भिंगावर १.८ असते. आकडा लहान तितके तोंड मोठे. दोन्हींचे वर्ग करून भागले की उत्तर येते दुप्पट.

"आता गुणा," ते म्हणाले. "नऊपट. काल तुमचा फोटू किती वेळात निघाला?"

मी कॅमेऱ्यात पाहिले. पाव सेकंद.

"पाव सेकंदात म्हातारीचा हात वातीभर फिरतोय. त्याचा नववा हिस्सा करा. सेकंदाचा तिसावा-पस्तिसावा भाग झाला. तेवढ्यात हात थांबल्यागत दिसतोय. तुम्हाला नवा कॅमेरा पायजे का म्हणून इचारताय. तुम्हाला नऊपट उजेड पायजे. तो कॅमेऱ्यातनं घ्या न्हाई तर घरात ट्यूब लावून घ्या."

चार वर्षे मी माहितीपत्रके वाचत होतो. हा हिशोब एकाही पत्रकात मला दिसला नव्हता. त्यांनी फुकटचा एक तोडगाही दिला: कॅमेरा तांदळाच्या डब्यावर ठेवा, फ्लॅश बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा, आणि मामीला क्षणभर हात थांबवायला सांगा. मी तो त्याच संध्याकाळी करून पाहिला. फोटो आला, स्वच्छ आला. मामी मात्र त्यात कुणीतरी "हलू नकोस" म्हटलेल्या शाळकरी मुलीसारखी बसली आहे. ती मामी नव्हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पाबरोबर चालत खरी कॉर्नरपर्यंत गेलो. तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. गावात पुतळे अनेक असतात, पण चौकात कॅमेऱ्याचे स्मारक असणारे गाव मला दुसरे ठाऊक नाही. ते स्मारक आहे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे. बाबूरावांचे खरे आडनाव मिस्त्री, जन्म १८९० चा. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. फाळक्यांच्या चित्रपटाने दोघांना वेड लावले. प्रोजेक्टर मिळाला, तो खोलून त्यांनी समजून घेतला; पण चित्रे घेणारा कॅमेरा कुठून आणायचा? १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी हाय खाल्ली नाही. विष्णुपंत दामल्यांना जोडीला घेऊन, एकेक चाक आणि दाता घडवत त्यांनी कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला. गायिका तानीबाई कागलकर ह्यांनी भांडवलाला हात दिला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. तो पाहून लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले. हाताने दांडा फिरवून चालवायचा कॅमेरा तो. दांडा एका लयीत फिरला नाही तर पडद्यावरची माणसे धावत सुटायची.

"बघ," आप्पा म्हणाला, "त्यांनी कॅमेरा केला, आणि तुला घ्यायला चार वर्षं लागली."

त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. मला मात्र त्या स्तंभाखाली दुसरेच सुचले. बाबूरावांनी अमुक एक दृश्य पडद्यावर आणायचे म्हणून कॅमेरा घडवला. माझी वही उलट दिशेने भरली होती: आधी कॅमेरा, मग त्याने काय काढायचे ते बघू. चार वर्षांत मला एकदाही "हा फोटो मला काढता आला नाही" असे लिहावेसे वाटले नव्हते.

एकदाही? तिथून परतताना खासबागेवरून गेलो, आणि आठवले. शाहू महाराजांनी बांधलेले कुस्तीचे मैदान आणि त्याला लागून १९१५ सालचे पॅलेस थिएटर, म्हणजेच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली. छप्पर आणि रंगमंच डोळ्यांदेखत गेले. कोल्हापूरकर त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडल्याचे आप्पाने सांगितले, आणि आप्पा काही सहज रडणारा माणूस नव्हे. २००९ साली मामा हयात असताना आम्ही त्या नाट्यगृहात एक नाटक पाहिले होते. मध्यंतरात मंद दिव्यांत मी मागे वळून सगळ्या प्रेक्षागृहाचा फोटो काढला. पुढच्या खुर्चीत मामा चष्मा पुसत बसले होते. आगीनंतर मी तो फोटो शोधून काढला. छत म्हणजे पिवळा चट्टा, मामा म्हणजे करडा डाग. तेव्हा मी म्हणालो होतो, पुन्हा येऊ तेव्हा नीट काढू. मामा २०१३ साली गेले.

खासबागेत भेळ घेतली, पण चव लागली नाही. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "घेऊन टाका." मी म्हणालो, "किंमत?" ती म्हणाली, "ते मुंबईत बघू."

मुंबईत बघितले. अगदी नव्या एक इंची कॅमेऱ्याची किंमत ऐकून घरात दोन दिवस कुणी बोलले नाही. त्यात बाजारही पूर्वीचा राहिलेला नाही. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ साली सगळे मिळून सुमारे ७७ लाख, आणि त्यांतले खिशातले जेमतेम १७ लाख. फोनने बाकीचे गिळले. कंपन्यांनी स्वस्त छोटे कॅमेरे काढणे सोडले आणि जे उरले ते महाग झाले. म्हणजे चार वर्षांपूर्वी घेतला असता तर... पण तो हिशोब मी सौ.ला सांगितला नाही. तिने तो केलाच असणार.

वाट निघाली ती वेगळीच. फोर्टात वापरलेले कॅमेरे विकणारी दुकाने आहेत. तिथे मी वहीतले सगळे आकडे सोडून दोनच विचारले: चकती केवढी, आणि भिंगाचे तोंड किती? दुकानदाराने काचेखालून सोनीचा आरएक्स १०० काढला; एक इंची चकती, १.८ चे भिंग, आणि खिशात मावणारा. मी वर्ष विचारले. २०१२! म्हणजे आमचा "नवा" कॅमेराच एक तपाहून जुना. पण स्टुडिओतल्या गृहस्थांची पेन्सिल माझ्या डोळ्यांपुढे होती; २५ आणि ११६. चार्जरसह घेतला, दुकानातच सगळ्यांत अंधाऱ्या कपाटाचा फोटो काढून पाहिला आणि पैसे दिले. एक गैरसोय सांगून ठेवतो: ह्यात पेन्सिल सेल चालत नाहीत. बॅटरी संपली की किराणा दुकान उपयोगाचे नाही. त्याचे मला अजून वाईट वाटते.

नवरात्रात एकटाच कोल्हापूरला गेलो. अंबाबाईच्या दर्शनाला रांग पार रस्त्यावर. पेठेत मात्र आवराआवरीची कळा. सोप्यात खोकी, माजघरातले कपाट हललेले, देव तेवढे जागच्या जागी. संध्याकाळी मामीने समई लावली आणि उंबऱ्याशी बसली. मी काही बोललो नाही. कॅमेरा छातीशी धरला, फ्लॅश बंद, आणि मामी कापसाचा पेळू मांडीवर घेऊन पुटपुटत वाती वळत राहिली. मी दहा-बारा फोटो काढले. तिला कळलेही नाही. तिसाव्या हिश्श्यात तिची बोटे थांबली होती, दोन बोटांमध्ये अर्धी वळलेली वात, आणि चेहऱ्यावर समईचा पिवळा उजेड. थोडे दाणे दिसतात, नाही असे नाही. जुन्या रंगवलेल्या भिंतीसारखे.

रात्री सोप्यात आप्पाने तो फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. मामीवरून त्याने बोट बाजूला सरकवले आणि तिथेच थांबला. मामीच्या खांद्यामागे माजघराचा सागवानी खांब दिसत होता, आणि त्याच्यावर खिळ्याने ओढलेल्या आडव्या रेघा. दर मे महिन्यात मामा आम्हा सगळ्या भावंडांना त्या खांबाशी उभे करून उंची मोजीत. मी ते साफ विसरलो होतो. दहा दिवस मी त्या खांबाला टेकून फोटो काढले होते, पण तो कोपरा इतका काळोखाचा की तिथे कुणी पाहतच नाही.

"ही माझी," आप्पा म्हणाला. "ही ताईची. ही सगळ्यात खालची तुझी, तू मुडदुशी होतास."

"आई," त्याने आत हाक मारली, "खांबावरच्या रेघा हायत अजून."

"हायत की," आतून मामी म्हणाली. "मी रोज हात लावून बघतो."

खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने आधीच सांगून ठेवला होता. सागवानाला भाव चांगला येतो. आप्पा काही वेळ बसून राहिला, मग उठून बोळात गेला. त्याचा आवाज येत होता. "न्हाई ओ... बाकीचं सगळं न्या... तेवढा एक खांब न्हाई. कुठं ठेवनार ते आमी बघतो..." नव्या इमारतीतल्या दोन खोल्यांच्या घरात नऊ फुटी खांब कुठे राहणार, हे मलाही ठाऊक नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आप्पाने काहीतरी ठरवले असेल.

जुन्या कॅमेऱ्याचे काय झाले, असे कुणी विचारील म्हणून सांगतो. आप्पाची नात कॉलेजात आहे. तिने तो माझ्या पिशवीत पाहिला आणि किंचाळलीच. हल्ली ह्या मुलींना असे जुने कॅमेरेच हवे असतात म्हणे. त्यांतले फ्लॅशचे पांढरेफटक चेहरे त्यांना आवडतात. मी ज्याला दोष म्हणत होतो ती फॅशन झाली! "आजोबा, द्या की मला," ती म्हणाली, आणि लगेच मामीसमोर उभी राहून तिने फ्लॅश उडवला. मामीने डोळ्यांवर हात धरला, वाती खाली ठेवल्या आणि पदर सारखा केला.

"कोन हाय?" ती म्हणाली. "बंगळूर का?"

सेल मात्र तिने माझ्याकडूनच मागून घेतले. चार जास्त होते पिशवीत, देऊन टाकले.